पाटोच्या रस्त्यांवर क्रिटेरियम भरवताना

सायकल शर्यतीसाठी शहरातले रस्ते बंद करायचे म्हटले की प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न येतो, "कुठून कुठपर्यंत?" क्रिटेरियमला हा प्रश्न लागू पडत नाही. किलोमीटरभराची बंदिस्त फेरी असते, तीच पुन्हा पुन्हा मारायची. प्रेक्षक एका जागी उभे राहतात आणि दर दीड-पावणेदोन मिनिटांनी सगळा घोळका त्यांच्या समोरून जातो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये १९८० साली आणि टल्सामध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशा शर्यतींना माणसे मुलाबाळांसकट येऊन ठाण मांडतात. पणजीतल्या मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत होत असल्यामुळे सायकलींसाठी रस्ता बंद होणे पणजीकरांना नवे नाही. पण तिथे सायकलस्वार एकदा गेला की गेला. बायकामुलांनी तीन तास थांबून बघावी अशी शर्यत हवी असेल तर क्रिटेरियमच घ्यावी, असे ठरवून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागलो आणि जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी ती पार पडली. मधल्या साडेतीन महिन्यांत काय काय लागले, ते पुढच्याला उपयोगी पडावे म्हणून लिहितो आहे.

आधी तारीख. गोव्यात पावसाचा भरवसा ऑक्टोबर उलटेपर्यंत नसतो. २० नोव्हेंबरपासून पणजी इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या धामधुमीत असते, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ आणि नववर्ष. या दिवसांत वाहतूक पोलिसांकडे तुम्हाला द्यायला माणसे नसतात. फेब्रुवारीत कार्निव्हल, मार्चमध्ये शिगमो. उरतो जानेवारी, आणि हवाही तेव्हाच बरी असते. निवडणुकांचे वर्ष असेल तर आचारसंहिता कधी लागू शकते याची चौकशी पहिल्याच दिवशी करा, कारण एकदा ती लागली की फाइल आहे तिथेच थांबते.

जागेसाठी पणजीतले कांपाल, मिरामार आणि पाटो असे तीन पर्याय होते. मिरामारचे रस्ते रुंद आहेत, पण बांदोडकर मार्ग अडवला की शहराची मुख्य नाडीच अडते. शिवाय रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसाला (प्रार्थनेला) जाणाऱ्यांची वाट अडवून कोणाचाच सद्भाव मिळत नाही. पाटोत जवळजवळ सगळी कार्यालये, रविवारी बंद. राहती घरे कमी, कदंब बसस्थानक हाकेच्या अंतरावर, आणि सायकली बघून कंटाळलेल्या मुलाला घेऊन जायला राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा परिसर जवळच. आमची फेरी मापाच्या चाकाने सुमारे १,१०० मीटर भरली. बसस्थानकाकडे जाणारा रस्ता मुद्दाम फेरीबाहेर ठेवला. बसगाड्या अडवणारा नकाशा कोणीच मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

नकाशा काढताना दोन गोष्टींवर तडजोड नको. शेवटच्या वळणापासून अंतिम रेषेपर्यंत किमान २०० मीटर सरळ रस्ता हवा, नाहीतर अख्खा घोळका वळणावरच जागेसाठी भिडतो आणि तिथेच पडतो. रेषेनंतर आणखी १०० मीटर मोकळे हवेत. ताशी पन्नासच्या वर वेगाने आलेल्या दमलेल्या माणसाला थांबायला तेवढी जागा लागते, आणि फोटो काढणारे नेमके तिथेच रस्त्यावर उतरतात.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली जिल्हा दंडाधिकारी रस्ता वाहनांसाठी बंद करण्याचा आदेश काढतात. बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर ती राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून अर्ज उत्तर गोवा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा. तिथून तो अहवालासाठी पोलिसांकडे जातो. तो जाईल, मग ते आपल्याला बोलावतील, असे धरून बसू नका. जिल्हाधिकारी, वाहतूक विभाग, पोलीस ठाणे, महानगरपालिका, अग्निशमन, आरोग्य विभाग आणि त्या परिसराची देखभाल बघणारे महामंडळ यांना एकाच दिवशी प्रती द्या आणि आपल्या प्रतीवर प्रत्येक ठिकाणचा आवक शिक्का व क्रमांक घ्या. पुढे फाइल शोधायला तो क्रमांकच लागतो. आमची एका कार्यालयात नोव्हेंबरभर अडकली होती. कारण एवढेच, की नकाशावर रस्ते बंद होण्याची वेळ होती पण उघडण्याची नव्हती. नकाशा प्रमाणात असावा. त्यावर प्रत्येक बॅरिकेड, रुग्णवाहिकेची जागा, अग्निशमन बंबाची वाट आणि बंद व खुले होण्याच्या वेळा असाव्यात. शक्यतो एका ए-३ कागदावर, रंगीत. साहेबांसमोर उभे राहून तोंडी समजावण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे पहाटे पाचला "माइक टेस्टिंग" करता येत नाही. जानेवारीत पणजीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पहिली शर्यत साडेसातला ठेवली. रस्ता पहाटे ४ ते दुपारी १ बंद मागितला आणि तेवढाच मिळाला. हा वेळ पुरतो, पण जेमतेम.

परिसरातल्या हॉटेलांना डिसेंबरातच भेटायला हवे. पाहुण्यांची विमाने चुकतील ही त्यांची भीती रास्त आहे, त्यातून मोपाच्या विमानतळावर जायचे असेल तर वेळही जास्त लागतो. दोन शर्यतींच्या मध्ये दहा-दहा मिनिटे त्यांच्या फाटकातून गाड्या सोडू असे लेखी वेळापत्रक दिले, तेव्हा त्यांचे ना-हरकत पत्र दोन दिवसांत हातात आले. हॉटेलवाल्यांना वेळापत्रक हवे असते, आश्वासन नको असते.

खर्चाचा मोठा वाटा बॅरिकेड खातात. अंतिम रेषेआधी २०० आणि नंतर १०० मीटर, दोन्ही बाजू धरून ६०० मीटर झाले. दोन मीटरचा एक नग धरला तर ३०० नग लागतात. भाडे नगामागे शंभर-सव्वाशे रुपये, टेंपो आणि हमाली वेगळी. चाकांवरचे पोलिसी बॅरिकेड या कामाचे नाहीत. ते एकमेकांत अडकत नाहीत, आणि मधल्या फटीत सायकलचे हँडल शिरले तर माणूस तिथेच फेकला जातो. एकमेकांत अडकणारे नग घ्या आणि घेताना पाय बघा. काहींचे पाय रस्त्याच्या बाजूला फूटभर बाहेर येतात. घोळका बॅरिकेडला खेटून पळतो, त्यात पुढचे चाक त्या पायाला लागले की मागचे दहाजण आडवे. पाय सपाट नसतील तर बॅरिकेड फुटपाथच्या कडेमागे उभे करा. प्रत्येक जोड प्लास्टिकच्या टायने दोन ठिकाणी बांधा आणि टायची शेपटी कापून टाका, कारण टोकदार शेपटी नेमकी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. प्रायोजकाचे कापडी फलक जाळीचेच घ्या. अकरानंतर खाडीवरून वारा सुटतो, तेव्हा सलग कापड शिडासारखे फुगते आणि बॅरिकेडची अख्खी रांग रस्त्यावर झुकते.

बाकीच्या फेरीवर दोर आणि स्वयंसेवक चालतात. लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी मात्र नको. तुटलेला तुकडा मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गुंडाळला की गिअर जाम होतो.

रस्त्याची पाहणी गाडीतून करून उपयोग नाही, चालतच करावी लागते. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर २५ मिलिमीटरचा टायर सरळ आत जातो. अशा जाळ्या फिरवून घ्याव्या लागतात किंवा त्यांवर लोखंडी पट्टी टाकून घ्यावी लागते. हे काम महानगरपालिकेच्या माणसांकडून आठवडाभर आधी उरकून घ्या. चेंबरची झाकणे, रस्त्यावर ठोकलेले रिफ्लेक्टर, वळणावरचे पांढरे पट्टे यांना खडूने गोल करा आणि शर्यतीआधीच्या बैठकीत स्वारांना दाखवा. पाटो खाडीकाठी असल्यामुळे जानेवारीत दव पडते आणि साडेसातला पांढरे पट्टे ओले असतात. वळणात टायर पट्ट्यावर आला की घसरलाच. म्हणून क्रम असा लावला की पहिल्या शर्यती कमी वेगाच्या, आणि पुरुषांची मुख्य शर्यत रस्ता वाळल्यावर, साडेनऊला. डिझेलचे डाग असतील तर त्यांवर लाकडाचा भुसा टाकून दहा मिनिटांनी झाडून घ्यायचा. पाणी मारलेत तर डाग पसरतो.

वळणांच्या बाहेरच्या बाजूला भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या गंज्या ठेवल्या. डिचोलीकडून टेंपोभर आल्या आणि शर्यतीनंतर गुरांसाठी गेल्या. पेंढा सैल असेल तर उडून रस्त्यावर येतो आणि तोही घसरवतो, म्हणून प्रत्येक गंजी गोणपाटात शिवून घ्या. विजेच्या खांबांना जुने टायर बांधले.

आता प्रेक्षकांनी रस्ता ओलांडण्याची सोय. माझ्या मते क्रिटेरियमचा खरा कस इथे लागतो, आणि याबद्दल कुठे फारसे लिहिलेले सापडत नाही. लोक शर्यत बघायला आले तरी त्यांना फेरीच्या आतून बाहेर जावेच लागते. कोणाला शौचालयाला, कोणाला पाण्याला, कोणाला तान्ह्या बाळाला घेऊन घरी. वाट दिली नाही तर माणसे दोराखालून घुसतात. म्हणून ओलांडायला दोन फाटके ठेवली. हिशेब असा मांडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने १,१०० मीटरला ९९ सेकंद लागतात. तीस जणांचा घोळका एका ठिकाणाहून पूर्ण जायला साधारण १५ सेकंद. पुढचा येण्याआधी २५ सेकंद फाटक बंद हवे. उरले प्रत्येक फेरीला एक मिनिटाच्या आतबाहेर. ९ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला आजी आणि नातवाला १२ ते १५ सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीत पंचवीस-पंचवीस जणांच्या तीन तुकड्या सुखाने जाऊ शकतात.

पण हे गणित घोळका एकत्र आहे तोवरच खरे. दोघे-तिघे पुढे निसटले, त्यांच्या मागे पाठलाग करणारे पाच, मग मुख्य घोळका, मग मागे पडलेले, अशी पांगापांग झाली की रस्त्यावर वीस सेकंदांचीही मोकळी जागा राहत नाही. आमच्या मुख्य शर्यतीत हे नवव्या-दहाव्या फेरीच्या सुमारास झाले आणि दोन्ही फाटके तिथून शेवटापर्यंत बंद ठेवली. निवेदकाने दोन फेऱ्या आधीच सांगितले, "ज्यांना पलीकडे जायचे आहे त्यांनी आता जा," त्यामुळे कुरकुर झाली नाही. मागे पडून ज्यांना पुढच्यांनी गाठले त्या स्वारांना शर्यतीतून बाहेर काढायचे असते, त्यामागेही हेच कारण आहे. स्वारांना ते कठोर वाटते, म्हणून नियम नोंदणीच्या वेळीच लेखी द्या.

प्रत्येक फाटकावर दोन माणसे शिट्टीसह, आणि आधीच्या वळणावर लाल-हिरवा झेंडा घेतलेला तिसरा, जो दोघांना दिसतो. फोनवर विसंबू नका. गर्दीत फोन लागायला जो वेळ जातो तेवढ्यात घोळका पोहोचलेला असतो.

मुलांच्या शर्यती साडेआठला घेतल्या. सहा ते आठ वर्षांना एक फेरीही लांब पडते, त्यांना अंतिम सरळ रस्त्यावर १५० मीटर पुरे. नऊ ते अकरा एक फेरी, बारा ते चौदा तीन फेऱ्या. पेडल नसलेल्या सायकलींच्या चिमुरड्यांना ५० मीटर, तिथे आईवडिलांनी बरोबर चालायला हरकत नाही. मोठ्या गटांत पालक बरोबर पळू लागले की त्यांच्याच पायात दुसऱ्याचे मूल अडकते, म्हणून बंदी. तपासणीच्या टेबलावर चार गोष्टी बघायच्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका घट्ट. दोन्ही ब्रेक दाबून चाक थांबते का. साइड स्टँड काढला आहे का, कारण वळणावर सायकल कलली की तो रस्त्याला लागतो. आणि हँडलच्या टोकांना बुचे आहेत का. रबरी मूठ फाटून नळीचे उघडे तोंड बाहेर आलेले असेल, तर पडताना ते पोटात घुसते आणि वरून साधे खरचटल्यासारखे दिसले तरी आत गंभीर इजा होते. आलेल्या सायकलींपैकी बऱ्याच अशा निघाल्या. बाटलीचे बूच आणि चिकटपट्टी टेबलावर ठेवा, दोन मिनिटांत काम होते.

मुले रेषा ओलांडली की जागच्या जागी ब्रेक मारतात आणि मागची त्यांच्यावर आदळतात. म्हणून पालकांना रेषेच्या पुढे ४० मीटरवर उभे केले. मूल आईकडे जायला आपोआप पुढे जात राहते आणि रेषा मोकळी राहते. मनगटी पट्टीवर मुलाचा क्रमांक, तोच क्रमांक पालकाच्या पट्टीवर. पट्टी जुळल्याशिवाय मूल सोडायचे नाही, मग कोणी कितीही ओळखीचे असो.

आदल्या रात्रीचे सांगतो. शनिवारी मांडवीवरच्या कॅसिनोंमुळे पहाटेपर्यंत पाटोत गाड्या उभ्या असतात. गुरुवारपासून "वाहने उभी करू नयेत" असे फलक लावले, गाड्यांच्या काचांवर चिठ्ठ्या ठेवल्या, तरी पहाटे चारला अकरा गाड्या होत्याच. गाडी उचलण्याचा अधिकार फक्त पोलिसांना असल्यामुळे त्यांच्या उचलगाडीचे लेखी आधी ठरवून ठेवा. भटक्या कुत्र्यांचे तसेच. त्यांना रोज खायला घालणाऱ्या बाईंना भेटून त्या सकाळी सहालाच फेरीबाहेरच्या मैदानात खाणे ठेवायला सांगितले, आणि एकही कुत्रे रस्त्यावर आले नाही. हाकलून लावलेली कुत्री दहा मिनिटांत परत येतात.

मुख्य शर्यत "३० मिनिटे अधिक ३ फेऱ्या" अशी होती. पंच पहिल्या काही फेऱ्यांची सरासरी काढून उरलेल्या फेऱ्या फलकावर लावतात. ९९ सेकंदांच्या हिशेबाने अर्ध्या तासात १८ फेऱ्या होतात, त्यावर ३. फलक प्रेक्षकांनाही दिसेल असा मोठा लावा. मधल्या बक्षिसांच्या फेरीला प्रीम म्हणतात. परंपरेने तिलाही घंटा वाजते आणि शेवटच्या फेरीलाही, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. आम्ही प्रीमसाठी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, रबरी भोंगा वापरला. तो आवाज गोव्यात आबालवृद्धांना ओळखीचा. तिसऱ्या प्रीमपर्यंत भोंगा वाजला की मुले स्वतःच बॅरिकेडकडे धावू लागली.

पंक्चर झालेल्या किंवा पडलेल्या स्वाराला एक फेरी माफ असते. तो पिटमध्ये (फेरीकाठच्या दुरुस्तीच्या जागी) चाक बदलून आपल्या गटाच्या शेपटाला परत लागतो. शेवटच्या काही फेऱ्यांत ही सवलत नाही. पिटमधल्या प्रत्येक चाकावर किती स्पीडचे, डिस्कचे की रिमचे, ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर घाईत चुकीचे चाक बसते. वेळ नोंदवणाऱ्या चिपवर घोळक्याचा निकाल ठरत नाही. रेषेवर तिपाईवर ठेवलेला, सेकंदाला २४० चित्रे टिपणारा कॅमेरा लागतो. दुसरा आणि तिसरा क्रमांक आम्ही त्यावरूनच ठरवला.

निवेदक मराठी-कोकणीत बोलणारा आणि सायकलिंग कळणारा हवा. नुसता "जोरदार टाळ्या" म्हणणारा नको. मागचे का सुटतात, हे त्याने सांगायला हवे. वळणावर पुढचा थोडा ब्रेक मारतो, विसाव्या स्वाराला जास्त मारावा लागतो आणि वळण संपल्यावर तेवढाच जोर लावून पुढच्याला गाठावे लागते. फेरीला चार वळणे धरली तर वीस फेऱ्यांत ऐंशी वेळा. हे ऐकल्यावर लोक पहिल्या दहाजणांकडे लक्ष देऊन बघू लागले.

बघायला येणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नका, पडणारा तिकडेच येतो. वळण संपल्यावर पन्नास मीटरवर उभे राहा, तिथे स्वार उठून जोर मारतात. फोन धरलेला हात बॅरिकेडबाहेर काढू नका. नऊनंतर ऊन चढते, तेव्हा इमारतींच्या पश्चिमेची बाजू पकडा, तिथे अकरापर्यंत सावली टिकते.

रुग्णवाहिका दोन, एक फेरीच्या आत आणि एक बाहेर. एक गेली तर ती परत येईपर्यंत शर्यत सुरू करायची नाही. गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यायचा, म्हणून आदल्या दिवशी तिथे लेखी कळवले होते. दोघांना खरचटले, एकाचे खांद्याचे हाड मोडले. अपघात विम्याचा दावा करताना पंचांचा सही-शिक्क्याचा अहवाल मागतात, तो त्याच दिवशी लिहून घ्या.

एकूण खर्च साडेतीन लाखांच्या घरात गेला. मोठ्यांचे प्रवेशशुल्क ६०० आणि मुलांचे १०० रुपये होते, त्यातून तिसरा हिस्साही निघाला नाही. बाकी प्रायोजकांकडून. फिरती शौचालये आणि पाण्याचे वीस लिटरचे जार यांत काटकसर करू नका, माणसे तीन तास थांबणार असतील तर ते आधी लागते.

साडेअकराला बक्षिसे उरकली आणि लगेच बॅरिकेड सोडायला घेतले. एक वाजता पोलीस अधिकारी येऊन रस्ता बघतात, तेव्हा कापलेले प्लास्टिक टाय, खडूच्या खुणा आणि पेंढ्याचे तुकडे, सगळे निघालेले असायला हवे. अनामत रक्कम परत मागायचा अर्ज करताना साफसफाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो, वेळ दिसेल असे जोडा. आमची मार्चच्या अखेरीस मिळाली. मूळ पावती हरवली तर प्रतिज्ञापत्र करावे लागते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलीत ठेवा.